चॅरिटी बटलरला खटल्यात हरवणारा वकील: थॅडियस स्टीव्हन्सबद्दल

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "अमेरिकेतल्या थॅडियस स्टीव्हन्सबद्दल वाचताना गोंधळ होतो. काही जण त्याला गुलामगिरीविरुद्ध लढलेला थोर संसदपटू म्हणतात, काही जण सूडाने पेटलेला कट्टर राजकारणी. त्यात तरुणपणी त्याने मालकाचं वकीलपत्र घेऊन एका बाईला मुलांसकट गुलामीत परत पाठवलं, असंही वाचलं. मग त्याला समतेचा कैवारी कसं म्हणायचं? आणि आपण भारतात वकिली करणाऱ्यांनी त्याचं चरित्र का वाचावं?"

त्या बाईच्या खटल्यापासूनच सुरुवात करतो. मी तीस वर्षं जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतोय, त्यातली निम्म्याहून जास्त कुळांच्या आणि जमिनींच्या दाव्यांमध्ये गेली. स्टीव्हन्सच्या आयुष्यातली ही एक गोष्ट वकील म्हणून माझ्या मनातून कधी गेली नाही.

बाईचं नाव चॅरिटी बटलर. मेरीलँड राज्यातल्या मालकाची ती गुलाम. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात 1780 पासून गुलामगिरी हळूहळू संपवणारा कायदा होता. बाहेरच्या मालकाने आपला गुलाम या राज्यात आणून सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला, तर तो मोकळा होत असे. चॅरिटीला तिची मालकीण पेनसिल्व्हेनियात येताना बरोबर आणायची, काही आठवडे राहायची, परत जायची, पुन्हा यायची. या सगळ्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांच्या वर जाते, म्हणून मी आणि माझी मुलं मोकळी आहोत, असा चॅरिटीचा दावा होता.

मालकाच्या बाजूने उभा राहिला गेटिसबर्गचा एकोणतीस वर्षांचा होतकरू वकील, थॅडियस स्टीव्हन्स. त्याचा युक्तिवाद एका शब्दावर उभा होता: सलग. कायद्याला अभिप्रेत असलेले सहा महिने सलग हवेत. तुकड्यातुकड्यांची बेरीज चालणार नाही. 1821 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामीत परत गेली.

हा निकाल वाचताना मुदतीच्या कायद्यावर घासाघीस करणाऱ्या कोणत्याही वकिलाच्या पोटात गोळा येईल. कारण युक्तिवाद चांगला आहे. आपल्याकडे "बारा वर्षं अखंड कब्जा" यातल्या "अखंड" या शब्दावर आम्ही दिवसचे दिवस बोलतो. मीही बोललो आहे, दोन्ही बाजूंनी. इथे मात्र त्या शब्दाच्या पलीकडे एक आई उभी होती.

या खटल्याबद्दल स्टीव्हन्सला सोडून द्यावं, असं मी म्हणणार नाही. त्याने पुढे काय केलं तेवढं सांगतो. दोनच वर्षांनी, 1823 च्या 4 जुलैला, गेटिसबर्गच्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत त्याने पेला उंचावून इच्छा बोलून दाखवली की पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असावा ज्याने कधी कोणा माणसाला बेड्या ठोकल्या नाहीत. तोपर्यंतचे बहुतेक राष्ट्राध्यक्ष गुलामांचे मालक होते, हे लक्षात घेतलं तर या वाक्याचं वजन कळेल. त्यानंतर त्याने मालकाच्या बाजूने असा खटला पुन्हा लढवला नाही. पळून आलेल्या गुलामांचे खटले तो लढवू लागला, तेही अनेकदा पैसे न घेता. उरलेली सत्तेचाळीस वर्षं हा माणूस कायद्यातला एकेक शब्द आपल्या अशिलांकडे ओढत राहिला, असं मी त्याचं चरित्र वाचतो. अशील बदलले होते.

आता थोडं मागे जातो. जन्म 4 एप्रिल 1792, व्हरमाँट राज्यातल्या डॅनव्हिल गावी. एक पाय जन्मापासून वाकडा. बाप चांभारकाम करायचा, पुढे घर सोडून गेला. चार मुलगे आईच्या पदरात. आईने शिक्षणासाठी सगळं घर पीचम नावाच्या गावी हलवलं, कारण तिथे चांगली शाळा होती. थॅडियस डार्टमथ कॉलेजातून 1814 मध्ये पदवीधर झाला आणि पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला शाळामास्तर म्हणून आला. दिवसा शिकवायचं, रात्री कायदा वाचायचा. तिथल्या वकीलमंडळींनी नियम केला की कायदा शिकताना दुसरा धंदा करणाऱ्याला सनद नाही. मग तो घोड्यावर बसून मेरीलँडला गेला, 1816 मध्ये तिथून सनद घेऊन आला आणि गेटिसबर्गला खोली घेऊन बसला. गरीब घरातून आलेल्या ज्युनियरची वाट कशी अडवली जाते, हे ज्यांनी सोसलं आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

राजकारणात तो आला गुप्त मंडळांच्या विरोधात निघालेल्या एका पक्षातून. त्या पक्षाच्या भानगडींमध्ये मी शिरत नाही, त्यात त्याचं फार काही अभिमानास्पद नाही. 1833 मध्ये तो राज्याच्या विधानसभेत निवडून गेला आणि 1835 मध्ये त्याने असं एक काम केलं की त्याच्यापुरतं तेवढंच केलं असतं तरी नाव राहिलं असतं. पेनसिल्व्हेनियाने 1834 मध्ये सर्व मुलांसाठी मोफत शाळांचा कायदा केला होता. कर वाढणार म्हणून लोक खवळले. पुढच्या निवडणुकीत रद्द करण्याच्या बाजूचे लोक भरभरून निवडून आले आणि वरच्या सभागृहाने कायदा मोडीत काढायला मंजुरीही दिली. स्टीव्हन्सच्या स्वतःच्या मतदारांनी कायदा रद्द करा म्हणून अर्ज पाठवले होते. 11 एप्रिल 1835 ला तो बोलायला उभा राहिला. त्याच्या भाषणाचा गाभा असा: माझी मुलं शाळेत जात नाहीत मग मी कर का भरू, असं म्हणणारा माणूस गुन्हेगारांवर खटले चालवायला आणि त्यांना तुरुंगात ठेवायला लागणारा कर आनंदाने भरतो; आपल्याच शेजाऱ्याचा मुलगा गुन्हेगार होऊ नये म्हणून लागणाऱ्या करावर मात्र ओरड करतो. सभागृह फिरलं, कायदा वाचला. मतदारांचा कौल डोळ्यांसमोर असताना त्यांच्या विरोधात उभं राहून त्यांच्याच मुलांची शाळा वाचवणारा आमदार मला तरी सारखा दिसत नाही.

1837-38 मध्ये राज्याची नवी घटना लिहिली जात होती. तोवर पेनसिल्व्हेनियात मोकळे असलेले काळे लोक काही ठिकाणी मत देत. नव्या मसुद्यात मतदाराच्या व्याख्येत एक शब्द घातला गेला: "गोरा". स्टीव्हन्स त्या घटना परिषदेचा सभासद होता. त्याने घटनेवर सही करायला नकार दिला. पुन्हा एकच शब्द, आणि या वेळी तो शब्दाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता.

मधल्या काळात तो लोखंडाच्या भट्ट्यांच्या धंद्यात पडला, कर्जबाजारी झाला, 1842 मध्ये मोठ्या वकिलीसाठी लँकेस्टरला गेला आणि तिथून वॉशिंग्टनला, काँग्रेसच्या लोकप्रतिनिधिगृहात. 1850 च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला पकडायला मदत करणं प्रत्येक नागरिकावर बंधनकारक झालं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1851 मध्ये, लँकेस्टर जिल्ह्यातल्या क्रिस्टियाना गावी मेरीलँडचा एक मालक सरकारी अधिकाऱ्याला घेऊन आपले गुलाम पकडायला आला. घरातल्या आणि आसपासच्या काळ्या लोकांनी प्रतिकार केला, मालक मारला गेला. सरकारने तीसहून अधिक लोकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला चालला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर. त्याचा गुन्हा एवढाच की पकडायला मदत करा म्हटल्यावर त्याने नकार दिला. बचाव पक्षात स्टीव्हन्स होता, पण तोंडाने मुख्य भाषण त्याने दुसऱ्याला करू दिलं. गुलामगिरीविरोधी म्हणून आपलं नाव इतकं झालंय की ते अशिलाला भोवेल, हे त्याला कळत होतं. ज्युरी पंधरा मिनिटांत परत आली: निर्दोष. बाकीच्यांवरचे राजद्रोहाचे आरोप मग टिकलेच नाहीत. स्वतःला मागे ठेवून खटला जिंकणं ही वकिलीतली अवघड गोष्ट आहे. आम्हा लोकांना बोलायची हौस फार.

यादवी युद्धाच्या, म्हणजे गुलामगिरी असलेल्या दक्षिणेच्या राज्यांनी संघराज्याविरुद्ध केलेल्या बंडाच्या काळात तो अर्थविषयक समितीचा अध्यक्ष होता. सैन्याचे पगार, कर, 1862 चं कागदी चलन, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. जून 1863 मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईच्या आठवडाभर आधी, दक्षिणेच्या फौजेने त्याची कॅलेडोनियाची लोखंडाची भट्टी जाळून टाकली. गुरंढोरं, घोडे, धान्य सगळं नेलं. त्याने त्यावर लिहिलेल्या पत्राचा आशय असा की देशभर गुलामगिरीचा मागमूस राहिला नाही, तर हा सौदा स्वस्तात पडला असं मी समजेन.

आता 4 डिसेंबर 1865. कामकाजाच्या भाषेत रस असेल तर हा दिवस नीट समजून घ्या. युद्ध संपलं होतं, लिंकनची हत्या झाली होती, आणि नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन दक्षिणेतल्या जुन्या जमीनदारांना भराभर माफी देत होते. दक्षिणेच्या राज्यांनी आपले प्रतिनिधी निवडून वॉशिंग्टनला पाठवलेही होते. गोम अशी की जुन्या घटनेनुसार जागावाटपासाठी पाच गुलामांची तीन माणसं मोजत. गुलामगिरी संपल्याने आता पाचही मोजली जाणार होती, मतदानाचा हक्क मात्र त्यांना एकालाही नव्हता. म्हणजे बंड करून हरलेली राज्यं पूर्वीपेक्षा जास्त जागा घेऊन परत येणार होती.

सभागृह भरलं. लिपिक एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचाच, हजेरी घेऊ लागला. इंडियानाच्या सभासदांची नावं पुकारत असतानाच टेनेसीचा होरेस मेनार्ड उठून उभा राहिला, हातात निवडीचं प्रमाणपत्र. मॅकफर्सनने सांगितलं, पुकारा चालू असताना मध्ये बोलता येणार नाही. पुकारा संपला, दक्षिणेच्या एकाही राज्याचं नाव आलं नाही. मेनार्ड पुन्हा उठला. आता लिपिकाने सांगितलं, यादीत ज्याचं नाव नाही त्याला बोलायची परवानगी देता येत नाही. मेनार्डबद्दल वाईट वाटतं, कारण तो युद्धभर अमेरिकी संघराज्याशी निष्ठावंत राहिला होता. न्यूयॉर्कच्या एका विरोधी सभासदाने विचारलं की टेनेसी जर संघराज्यात नाही, तर टेनेसीचा माणूस राष्ट्राध्यक्ष कसा? प्रश्न बिनतोड होता. पण यादी तयार झाली होती, आणि त्या यादीमागची आखणी स्टीव्हन्सची होती. त्याच अधिवेशनात दोन्ही सभागृहांची पंधरा जणांची समिती नेमली गेली, त्यात लोकप्रतिनिधिगृहाच्या सभासदांचा म्होरक्या तोच. याच समितीतून चौदावी घटनादुरुस्ती निघाली, कायद्याचं समान संरक्षण कोणालाही नाकारता येणार नाही असं सांगणारी.

हिचं पहिलं कलम लिहिण्याचं श्रेय ओहायोच्या जॉन बिंगहॅमकडे जातं, ते त्यालाच द्यायला हवं. स्टीव्हन्सचं काम ती मंजूर करून घेण्याचं. आणि तिच्यावर तो नाराज होता. काळ्या माणसाला मताचा हक्क तिने सरळ दिला नव्हता. हक्क नाकारणाऱ्या राज्याच्या जागा कमी होतील एवढंच म्हटलं होतं. 13 जून 1866 ला, अंतिम मतदानाआधी, चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस बोलला. तरुणपणी, प्रौढपणी, म्हातारपणी मी स्वप्न पाहिलं होतं की कधीतरी नशिबाने संधी मिळेल आणि आपल्या संस्था सगळ्या अन्यायातून मोकळ्या करता येतील. ते स्वप्न विरून गेलं, असं त्याने सांगितलं. मग इतका अपुरा प्रस्ताव मी का स्वीकारतो? कारण मी माणसांमध्ये राहतो, देवदूतांमध्ये नाही. दुरुस्ती 120 विरुद्ध 32 मतांनी मंजूर झाली.

ज्यांना तो "कट्टर" वाटतो त्यांनी हे भाषण वाचावं. तडजोडनाम्यावर अशिलाचा अंगठा घेताना मला ते अनेकदा आठवलं आहे.

"सूडाने पेटलेला" या आरोपाबद्दल. त्याची जीभ तिखट होती, यात शंका नाही, आणि समोरच्याला ती ओरखडे काढत असे. पण फाशीच्या शिक्षेलाच त्याचा विरोध होता, आणि बंडखोरांना सुळावर चढवा अशी त्याची मागणी कधी नव्हती. त्याची मागणी जमिनीची होती. 6 सप्टेंबर 1865 ला लँकेस्टरच्या भाषणात त्याने हिशोब मांडला: बंड केलेल्यांपैकी फक्त बड्या जमीनदारांच्या, म्हणजे 200 एकरांहून जास्त जमीन असलेल्यांच्या जमिनी सरकारजमा करा. ही माणसं सुमारे 70 हजार, आणि त्यांच्याकडे जमीन 39 कोटी एकरांच्या वर. त्यातून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला 40 एकर दिली तरी फक्त 4 कोटी एकर लागतात. बाकी विकून युद्धाचं कर्ज फेडा, जखमी सैनिकांची पेन्शन भागवा. तोवर सेनापती शर्मनच्या जानेवारी 1865 च्या हुकुमाने किनारपट्टीवर काही हजार कुटुंबं जमिनीवर बसलीही होती. जॉन्सनने त्या जमिनी जुन्या मालकांना परत द्यायला लावल्या. स्टीव्हन्सने 1867 मध्ये पुन्हा विधेयक आणलं. त्याच्याच पक्षातल्या बहुतेकांनी साथ दिली नाही. खासगी मालकीला हात लावायची त्यांची तयारी नव्हती.

इथे मला माझं एक प्रकरण सांगावंसं वाटतं. एका म्हातारीचा कूळ हक्काचा दावा मी चालवत होतो. सासऱ्याच्या काळापासून जमीन कसत होते. निकाल आमच्या बाजूने लागला. मी तिला निकालपत्र वाचून दाखवलं, कलमं सांगितली, न्यायाधीशांनी काय चांगलं म्हटलंय ते सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "वकीलसायेब, ते समदं झालं. सातबाऱ्यावर नाव कवा लागंल?" फेरफार मंजूर व्हायला पुढे आणखी दोन वर्षं गेली, तोवर ती गेली होती. स्टीव्हन्सला ही म्हातारी कळली असती. बाकीच्या सभागृहाला मुक्त माणसाच्या हातात हक्काचा कागद दिला की पुरे वाटत होतं. त्याला कळत होतं की जुन्या मालकाच्याच शेतात वाट्याने राबावं लागलं, तर तो कागद पेटीत राहणार. पुढची शंभर वर्षं दक्षिणेत जे झालं ते त्याच वाटेने झालं.

तुमचा शेवटचा प्रश्न, आपण का वाचावं. आपल्या संविधानाचा अनुच्छेद 14 उघडा: राज्य कोणत्याही व्यक्तीस कायद्यापुढे समानता अथवा कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही. पहिला भाग इंग्रजी परंपरेतला, दुसरा सरळ त्या चौदाव्या दुरुस्तीतला. "नाकारणार नाही" ही धाटणीही तिथलीच. आणि "व्यक्ती" म्हटलंय, "नागरिक" नाही, हेही तिथूनच. बाबासाहेबांनी 1947 मध्ये संविधानसभेसाठी अल्पसंख्याकांच्या आणि अस्पृश्यांच्या हक्कांचं जे निवेदन तयार केलं, त्यात अमेरिकेच्या 1866 आणि 1875 च्या नागरी हक्क कायद्यांमधून तरतुदी घेतल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. 1866 चा तो कायदा राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून मंजूर करणाऱ्यांच्या पुढच्या फळीत स्टीव्हन्स होता. आणि त्याच्याही आधी, 1873 मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त करण्याच्या कामासाठी. स्टीव्हन्सला जाऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. आपल्या घरात या माणसाचं काहीतरी आधीपासून आहे, फक्त नाव कोणी सांगितलेलं नाही.

जॉन्सनवरच्या महाभियोगाबद्दल थोडक्यात. लोकप्रतिनिधिगृहाने 1868 च्या फेब्रुवारीत तो मंजूर केला, सिनेटमध्ये एका मताने पडला. स्टीव्हन्स तोवर इतका खंगला होता की त्याला खुर्चीतून उचलून आणत. स्वतःचं भाषण तो थोडंच वाचू शकला, आवाज बसला, उरलेलं सहकाऱ्याने वाचलं. वकील म्हणून माझं मत: आरोपपत्र कच्चं होतं. राजकीय चूक आणि महाभियोगाचा गुन्हा यात फरक आहे, आणि तो त्यांनी नीट मांडला नाही.

चौदावी दुरुस्ती जुलै 1868 मध्ये पक्की झाली. तो 11 ऑगस्टला वॉशिंग्टनला वारला. वीस वर्षं घर सांभाळणारी लिडिया हॅमिल्टन स्मिथ, मिश्र वंशाची विधवा, जवळ होती. दोघांबद्दल गावात कुजबुज कायम चालायची. तो तिला चारचौघांत "मिसेस स्मिथ" म्हणायचा, आणि मृत्युपत्रात त्याने तिची तजवीज केली. पुढे तिने त्याचं लँकेस्टरचं घर विकत घेतलं. पार्थिव कॅपिटॉलच्या घुमटाखाली ठेवलं, पहाऱ्याला काळे सैनिक. लँकेस्टरच्या अंत्ययात्रेला वीसेक हजार माणसं होती.

त्याने लँकेस्टरच्या मोठ्या दफनभूमीत जागा आधीच घेऊन ठेवली होती. मग कधीतरी त्याने दस्त वाचला. त्यात अट होती: फक्त गोऱ्यांसाठी. त्याने दस्त परत पाठवला आणि श्राइनरच्या छोट्या दफनभूमीत जागा घेतली, जिथे असं कलम नव्हतं. थडग्यावरचा मजकूर त्याचाच. त्याचा आशय असा: या शांत, एकाकी जागी मी पहुडलो आहे तो एकांताच्या आवडीने नव्हे, इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आढळली, म्हणून ही जागा निवडली, की दीर्घ आयुष्यभर ज्या तत्त्वांचा पुरस्कार केला ती मरणातही दाखवता यावीत: निर्मात्यापुढे माणसाची समानता.